हातावर की जिभेवर?

वाशीम, कारंजा किंवा रिसोडचा एखादा माणूस मित्राच्या मुलीच्या लग्नासाठी पहिल्यांदाच कॅथलिक चर्चमध्ये जातो आणि मागच्या बाकावर बसतो. गाणी, वाचन, प्रवचन हे सगळं त्याला थोडंफार कळतं. उपासनेच्या शेवटाकडे मात्र लोक रांगेनं पुढे निघतात आणि फादरांसमोर क्षणभर थांबतात. कोणी जीभ पुढे करतं, कोणी दोन्ही हात पुढे धरतं, एखादी आजी गुडघ्यावर बसते. मिळतं सगळ्यांना तेच: तीनेक सेंटीमीटर रुंदीची, कागदासारखी पातळ पांढरी चकती. मग घेण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या का? यातली योग्य कोणती? आणि पाहुण्यानंही रांगेत जायचं का?

कॅथलिक घरांतही हा प्रश्न निघतोच. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे ही चकती पहिल्यांदा घेण्याची, तयारी करणाऱ्या नातीला शिकवणीत हात कसे धरायचे ते दाखवतात, आणि घरी आजी म्हणते, "आमच्या वेळी हात लावायची कोणाची टाप नव्हती." दोघींनाही आपापली रीत मनापासून आदराची वाटते. चर्चचं उत्तर असं आहे की दोन्ही रीती मान्य आहेत, आणि निवड घेणाऱ्यानं करायची आहे. पण हे स्वातंत्र्य कुठून आलं आणि त्याच्या आजूबाजूला कोणते नियम पक्के आहेत, हे समजल्याशिवाय आजी आणि नातीचं एकमत होणार नाही.

१. आधी ती चकती म्हणजे काय

ख्रिस्तानं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत जेवताना भाकर आणि द्राक्षारस त्यांना दिला आणि हे माझं शरीर, हे माझं रक्त असं सांगितलं. त्या जेवणाची आठवण बहुतेक ख्रिस्ती पंथ करतात, पण त्याचा अर्थ सगळे सारखा लावत नाहीत.

वाशीममध्ये ख्रिस्ती म्हटलं की पुष्कळांना रेनॉल्ड्स मेमोरिअल हॉस्पिटल आठवतं. ते नाझरीन चर्चचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतलं. नाझरीन मंडळी प्रभुभोजनात भाकर आणि न आंबवलेला द्राक्षरस घेतात. ते त्याला पवित्र मानतात, पण भाकरीचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं असं मानत नाहीत. जिल्ह्यात कॅथलिकांची वस्ती तुरळक आहे. १९५५ साली नागपूरपासून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतात ती मोडते.

कॅथलिकांची श्रद्धा अशी की मिस्सेमध्ये, म्हणजे त्यांच्या या उपासनेत, धर्मगुरूंनी ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रंग, चव, वजन यांत काही बदल होत नाही, पण ती वस्तू आता भाकर उरत नाही. मराठी कॅथलिक म्हणूनच तिला ख्रिस्तशरीर म्हणतात. यापुढची पायरी महत्त्वाची आहे. ट्रेंट इथल्या धर्मसभेनं १५५१ साली स्पष्ट केलं की या भाकरीच्या प्रत्येक तुकड्यात संपूर्ण ख्रिस्त असतो. त्यामुळे अर्धी चकती मिळालेल्याला अर्धा ख्रिस्त मिळत नाही. प्याल्यातलं न मिळता नुसती भाकर मिळाली तरी काही कमी पडत नाही. आणि जमिनीवर पडलेला बारीक कणही क्षुल्लक ठरत नाही. हातावर की जिभेवर हा सगळा वाद या शेवटच्या वाक्यातून निघतो. कण सांडण्याची भीती नसती, तर घ्यायचं कसं यावर शेकडो वर्षं कोणी डोकं खपवलं नसतं.

२. ज्वारीच्या मुलखात गव्हाची भाकर

ही चकती फक्त गव्हाचं पीठ आणि पाण्याची असते. मीठ, तेल, साखर, खमीर यांपैकी काहीही त्यात चालत नाही. गव्हाऐवजी दुसरं धान्य वापरलं तर मिस्साच वैध होत नाही, इतका हा नियम कडक आहे. ज्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या रोजचं पोट ज्वारीच्या भाकरीवर भरलं आणि गव्हाची पोळी सणालाच पानात पडली, तिथल्या माणसाला हे थोडं परकं वाटणं साहजिक आहे. ख्रिस्तानं वापरली तीच भाकर वापरायची, एवढंच चर्चचं म्हणणं. गहू ज्यांना सोसत नाही अशांसाठी ग्लूटेन अगदी कमी केलेली चकती चालते, पण ग्लूटेन पूर्ण काढून टाकलेली चालत नाही. हा नियम रोमनं २०१७ साली पुन्हा बजावून सांगितला.

बहुतेक चकत्या धर्मभगिनींच्या मठांत तयार होतात. पातळ पीठ तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये ओततात. वरच्या पाटीवर क्रूस कोरलेला असतो, तो भाकरीवर उमटतो. भाजून निघालेला पापुद्रा इतका कडक असतो की लगेच कापला तर त्याचा चुरा होतो. म्हणून तो काही तास दमट हवेत ठेवतात, नरम पडू देतात आणि मग गोल साच्यानं चकत्या पाडतात. चांगल्या चकतीची कडा गुळगुळीत असते आणि तिचे कण सुटत नाहीत. घेणाऱ्याच्या हातात कण उरू नयेत याची काळजी अशी भट्टीपासूनच सुरू होते.

३. जुनी रीत कोणती

आजीला वाटतं जिभेवर घेणं हीच मूळची रीत. इतिहास तिच्या बाजूनं अर्धाच बोलतो.

चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिलेली काही प्रवचनं आजही उपलब्ध आहेत. ती बिशप सिरिल यांच्या नावानं ओळखली जातात. त्यांत कम्युनियन कसं घ्यावं ते बारकाईनं सांगितलं आहे. डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरायचा, उजव्या तळव्याला खळगा करायचा, त्यात ख्रिस्तशरीर घ्यायचं, आमेन म्हणायचं आणि एकही कण खाली जाऊ द्यायचा नाही.

हे वाचताना वाशीमच्या बालाजी मंदिरात तीर्थ घेणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. उजव्या तळव्याचा द्रोण, खाली डाव्या हाताचा आधार, आणि थेंब सांडू नये म्हणून हात थेट तोंडाशी. दोन्हींमागची श्रद्धा अगदी वेगळी आहे आणि त्यांची सरमिसळ कोणी करू नये. पण मौल्यवान वस्तू घेताना शरीर काय करतं, हे त्या दोन हातांत सारखंच दिसतं. म्हणून हातावर घेणं ही पाश्चात्त्यांची नवी बेफिकिरी आहे, असं कोणी म्हणालं की मला पटत नाही.

त्या काळी स्त्रियांसाठी वेगळे नियमही निघाले. आजच्या फ्रान्समधल्या ओसेर इथल्या सहाव्या शतकातल्या धर्मसभेनं सांगितलं की बाईनं उघड्या हातावर कम्युनियन घेऊ नये. तिनं हातावर स्वच्छ वस्त्र घ्यावं.

नवव्या शतकापासून पश्चिमेकडच्या चर्चमध्ये रीत बदलत गेली. कारणं अनेक होती. फुगलेल्या भाकरीऐवजी पातळ बिनखमिराची चकती वापरात आली आणि ती जिभेवर ठेवणं सोपं झालं. लोक घरी नेऊन तिचा जादूटोण्यासाठी वापर करतील, ही धास्तीही होती. शिवाय पवित्र वस्तूला फक्त अभिषेक झालेल्या धर्मगुरूंच्या हातांनीच स्पर्श करावा, ही भावना बळावली. पुढे वेदीसमोर कठडा आला, लोक त्यापाशी रांगेनं गुडघे टेकू लागले आणि फादर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागले. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीजांसोबत आली ती हीच रीत. आजीची आठवण खरी आहे, आणि त्या आठवणीमागे हजार वर्षांचा आदर आहे.

४. १९६९ साली काय घडलं

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर युरोपातल्या काही देशांत लोकांनी परवानगीशिवायच हातावर घ्यायला सुरुवात केली. पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांना विचारलं: ही मुभा द्यावी का? १,२३३ बिशपांनी स्पष्ट नकार दिला. होकार त्याहून बरेच कमी होते. म्हणून २९ मे १९६९ च्या आदेशात रोमनं जिभेवर देण्याची रीतच कायम ठेवली. पण जिथे हातावरची रीत आधीच रुळली आहे, तिथल्या बिशप मंडळानं गुप्त मतदानात दोन तृतीयांश मतांनी मागणी केली तर परवानगी मिळू शकेल, अशी वाटही त्याच आदेशानं मोकळी ठेवली. पुढच्या वर्षांत एकेक देश त्या वाटेनं गेला. आज भारतात दोन्ही रीती चालतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला सर्वत्र आहे आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही. हातावर घेण्याची मुभा मात्र जिथे परवानगी आहे तिथेच लागू आहे. २५ मार्च २००४ रोजी रोमनं काढलेल्या सूचनांमध्ये हे दोन्ही मुद्दे आहेत. गुडघे टेकून घेणाऱ्याला किंवा उभ्यानं घेणाऱ्याला केवळ त्या कारणासाठी परत पाठवता येणार नाही, हेही तिथे लिहिलं आहे.

२०२० च्या साथीत अनेक ठिकाणी जिभेवर देणं थांबवलं गेलं. आयुष्यभर जिभेवर घेतलेल्या कित्येक वृद्धांनी तेव्हा पहिल्यांदा हात पुढे केले. काहींना ते पुन्हा सोडवेना, तर काहींनी साथ सरताच जुनी रीत धरली. दोघांनाही चर्चची मोकळीक आहे.

५. निवडायचं कसं

निवड करताना आधी स्वतःच्या हातांकडे आणि अंगाकडे पाहावं.

सोयाबीनच्या सोंगणीनंतर बोटांना भेगा पडल्या आहेत, किंवा हळद शिजवून तळव्यांच्या रेघांत पिवळा रंग बसला आहे. असा माणूस म्हणाला की हा हात पुढे करायला मन धजत नाही, मी जिभेवर घेतो, तर त्यानं योग्यच निवडलं. त्याच हातांनी कष्ट केले, तेच मी देवापुढे धरतो, असं त्याचा भाऊ म्हणाला, तर त्यानंही योग्यच निवडलं. कडेवर लेकरू असलेल्या आईला दोन्ही हात मोकळे करता येत नाहीत, तिच्यासाठी जिभेची रीत सोयीची. सर्दी-खोकला झालेल्यानं फादरांच्या बोटांचा आणि मागच्या माणसाचा विचार करून त्या दिवशी हात पुढे करावा. कंपवातानं ज्याचे हात थरथरतात त्यानं हाताचा हट्ट धरू नये. चकती द्राक्षारसात बुडवून देणार असतील, तर ती जिभेवरच घ्यावी लागते. तिथे निवड नाही.

आता कृती जवळून पाहू. हातावर घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी असं शिकवतात: उजव्या हातावर डावा हात आडवा, तळवा वर, छातीच्या उंचीला. फादर चकती किंचित वर उचलून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतात. उत्तर "आमेन", आणि तेही ऐकू येईल असं. चकती तळव्यावर ठेवली गेली की एक पाऊल बाजूला व्हायचं, उजव्या हाताच्या बोटांनी ती उचलायची आणि तिथेच, वेदीकडे तोंड करून, तोंडात घालायची. मग तळव्याकडे एकदा पाहायचं. कण दिसला तर तोही जिभेनं टिपायचा. बाकाकडे चालत चालत खाणं, किंवा फादरांच्या बोटांतून चिमटीनं उचलून घेणं, दोन्ही चुकीचं. कम्युनियन कोणी स्वतः घ्यायचं नसतं, दुसऱ्याकडून स्वीकारायचं असतं. म्हणून नवरा-बायकोनं एकमेकांना देणंही चालत नाही.

जिभेवर घेणाऱ्यानं आधी आमेन म्हणावं, मग मान किंचित मागे, तोंड पुरेसं उघडं, जीभ खालच्या ओठावर आणि डोकं स्थिर. घाईनं पुढे झेपावलं की फादरांच्या बोटांना दात लागतात आणि चकती पडते. हनुवटीखाली धातूची तबकडी धरणारा मुलगा असेल तर तो पडलेला कण झेलतो. ही तबकडी ठेवावी असं २००४ च्या सूचनांतही सांगितलं आहे, पण बऱ्याच चर्चमधून ती नाहीशी झाली आहे. ती परत यावी असं मला मनापासून वाटतं.

माझं मत विचाराल तर या दोन रीतींपैकी कोणतीही रीत घाईनं बिघडते. आणि बाकावर बसून दुसऱ्यानं कसं घेतलं याची मोजदाद करणाऱ्याचं स्वतःचं कम्युनियन त्याच बाकावर हुकतं.

६. रांगेत उभं राहण्याआधी

तयारीचे नियम हाताच्या रीतीपेक्षा जास्त बंधनकारक आहेत, तरी त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन करावं लागतं. आणि कम्युनियनआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं.

हा तास मिस्सेपासून मोजायचा नाही, कम्युनियनपासून मोजायचा. समजा मिस्सा सकाळी आठला आहे आणि कम्युनियनची रांग साधारण आठ चाळीसला लागते. मालेगावहून एसटीनं येणाऱ्या बाईनं साडेसहाला चहा-पोळी खाल्ली असेल, तर तिला काहीच अडचण नाही. सात चाळीसच्या आत घेतलेला चहाही नियमात बसतो. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना हा तासही लागू नाही.

पूर्वी हे फार कठीण होतं. मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. १९५३ साली पाण्याला मोकळीक मिळाली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आला आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी एका तासावर. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. ख्रिस्तशरीराच्या संस्काराला वाहिलेली जागतिक परिषद तेव्हा मुंबईत भरली होती. लहान मुलांना साधारण सातव्या वर्षी कम्युनियन मिळू लागलं तेही विसाव्या शतकातच. १९१० साली दहावे पायस यांनी वय खाली आणलं, आणि साध्या भाकरीत आणि या भाकरीत फरक आहे एवढं मुलाला कळलं की पुरे, असं ठरवलं.

७. चपला, समई आणि पंचांग प्रणाम

हातावरच्या रीतीचा आदेश निघाला त्याच्या महिनाभर आधी, २५ एप्रिल १९६९ रोजी, रोमनं भारतासाठी १२ मुद्द्यांना मान्यता दिली. हातावर की जिभेवर या वादाच्या गलक्यात ते मुद्दे मागे पडले, याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्या लोकांच्या अंगात मुरलेला आदर त्यांत होता. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकायला, म्हणजे अंजली हस्ताला, मुभा मिळाली. पंचांग प्रणाम आला. पाय दुमडून जमिनीवर बसणं, चपला बाहेर काढणं मान्य झालं. पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येऊ लागला. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा आणि फुलं, धूप, ज्योत यांची आरतीही चालते असं ठरलं.

विचार करा, वऱ्हाडातल्या बाईला घरात, देवळात, लग्नात भुईवर बसायची सवय आहे. चर्चमध्ये मात्र ती बाकावर अवघडून बसते, चपला पायात तशाच. डोक्यावरचा पदर मात्र तिनं सोडलेला नाही. स्त्रियांनी डोकं झाकण्याचा नियम १९८३ च्या धर्मसंहितेत उरला नाही, तरी ती तो आपणहून पाळते. उभ्यानं कम्युनियन घेणाऱ्यानं आधी आदराची खूण करावी असा नियम आहे, आणि ती खूण कोणती हे देशाच्या बिशप मंडळानं ठरवायचं असतं. हात जोडून कमरेत वाकणं ही खूण इथे कोणाला शिकवावी लागत नाही. चपला दाराशी काढायच्या, रांगेत हात जोडून यायचं, वाकायचं आणि मग हात किंवा जीभ पुढे करायची, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. खेड्यांतल्या छोट्या मंडळींत हे शहरांपेक्षा सहज घडू शकतं.

८. पाहुण्यानं काय करावं

लग्नाला आलेल्या बिगरकॅथलिक पाहुण्यानं रांगेत जाऊ नये. बाकावर बसून राहण्यात कोणाचाही अपमान नाही. अनेक कॅथलिकही वेगवेगळ्या कारणांनी त्या दिवशी जात नाहीत, आणि त्यांना कोणी विचारत नाही. आपल्याकडे प्रसाद नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून काही जण भलेपणानं हात पुढे करतात आणि घरच्यांना द्यायला चकती रुमालात बांधून घेतात. असं झालं तर संकोच न करता लगेच फादरांना किंवा एखाद्या सिस्टरला सांगून ती परत द्यावी. ते रागावणार नाहीत, फक्त ती काळजीपूर्वक घेतील. पहिल्या शतकांत श्रद्धावंत स्वतःच ती घरी नेऊन ठेवत असत, पण ती सवय चर्चनं फार पूर्वी बंद केली.

९. जो रांगेत येऊ शकत नाही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे ख्रिस्तशरीर घरी नेतात. फादर किंवा नेमून दिलेली व्यक्ती ते झाकणाच्या छोट्या धातूच्या डबीत, बहुधा गळ्याशी बांधलेल्या पिशवीतून आणते, आणि वाटेत कुठेही थांबत नाही. घरच्यांनी एवढं तयार ठेवावं: रुग्णाच्या जवळ एक टेबल किंवा पाट, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, समई किंवा मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. टीव्ही बंद. घरात आणखी कोणाला घ्यायचं असेल तर आधी कळवावं, कारण डबीत मोजक्याच चकत्या असतात.

रुग्णाला गिळणं जड जात असेल तर चकतीचा अगदी छोटा तुकडा देतात आणि मागून पाणी पाजतात. तेवढंही उतरत नसेल, तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात, चमच्यानं थोडं थोडं द्यायची परवानगी धर्मसंहिता देते. अशा घरी फादरांना बोलावताना रुग्णाला काय गिळता येतं ते फोनवर आधीच सांगावं, म्हणजे ते त्या तयारीनं निघतात.